आठ की बी?

म्हात्रे पुलाच्या बरोबर मध्यावर आमची गाडी गप्प झाली. आचके नाहीत, धूर नाही, साधा खोकलासुद्धा नाही. जुलैचा पाऊस, संध्याकाळचे साडेसहा आणि मागे हॉर्न. पुण्यात पुलावर गाडी बंद पडली की मागचे लोक आधी हॉर्न वाजवतात, मग सल्ला देतात आणि अगदीच नाइलाज झाला की ढकलतात. माझ्या बाबतीत मधला टप्पा जरा लांबला. रेनकोटातले एक गृहस्थ काच वाजवून म्हणाले, "पेट्रोल आहे ना?" आहे म्हटलं. "मग बॅटरी असेल." बॅटरीही ठणठणीत होती; सेल्फ मारला की इंजिन गरागरा फिरत होतं, फक्त पेटत नव्हतं. "मग विकून टाका," म्हणाले आणि निघून गेले.

गाडीचं नाव सांगत नाही. डिसेंबर २००४ मध्ये घेतली. वर्ष संपता संपता मिळणाऱ्या सवलतीत, त्यामुळे रंग निवडायला मिळाला नाही. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन, हरित कर भरून तिची पुन्हा नोंदणी केली, आणि आणखी पाच वर्षांनी पुन्हा एकदा. इतक्या वेळा परीक्षेला बसून पास झालेली गाडी एका पावसात नापास होईल असं वाटलं नव्हतं.

टोचन लावून दत्तवाडीत मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी चावी फिरवली आणि नुसतेच मीटरकडे बघत बसले. मीही बघत बसलो.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"तेच. चावी ऑन केली की इंजिनाचा पिवळा दिवा लागायला पाहिजे. तो लागतच नाही."

मग त्यांनी फ्यूज पाहिला, रिले बदलून पाहिला, अर्थिंगची वायर काढून, घासून पुन्हा बसवली. अर्थिंग खराब असलं की चांगला ईसीएमसुद्धा, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, वेड्यासारखा वागतो, म्हणाले, आणि लोक उगाच नवा घेऊन बसतात. आमचं तेवढं नशीब नव्हतं. शेवटी ते डाव्या सीटपुढे आडवे झाले, डोकं डॅशबोर्डखाली गेलं, आणि दहा मिनिटांनी हातात एक अॅल्युमिनियमची चपटी पेटी घेऊन बाहेर आले. "हा घ्या तुमच्या गाडीचा मेंदू." पेटी तिरकी केली तर कोपऱ्यातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं.

आता हे मेंदू प्रकरण मला त्या दिवसापर्यंत नीट ठाऊक नव्हतं. मी मुद्रितशोधक आहे. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढतोय. मिस्त्रींनी ईसीएमचं काम समजावलं तेव्हा मला तो माझाच जातभाई वाटला. सेन्सर त्याला खबर देतात: हवा किती आत आली, पाणी किती तापलं, पाय अॅक्सिलरेटरवर किती दाबलाय, क्रँक कुठे आहे. हे सगळं वाचून तो ठरवतो, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची. हिशेब साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, तोही वजनाचा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० वेळा हा निर्णय. मी दिवसाला चाळीस पानं वाचतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो.

पाणी आलं कुठून, हा प्रश्न होता. मिस्त्रींनी वायपरखालची जाळी काढली. तिथे पावसाचं पाणी खाली सोडायला एक भोक असतं. त्यात त्यांनी स्क्रूड्रायव्हर घालून ढवळलं आणि काळा, बुळबुळीत असा एक बोळा बाहेर ओढला. चिमटीत धरून उलगडला तर आत बारीक लांबट देठ. बुचाची फुलं! सोसायटीत आमच्या वाट्याला आलेली पार्किंगची जागा बुचाच्या झाडाखाली आहे. दिवाळीच्या आसपास पहाटे टपावर पांढरा सडा पडलेला असतो आणि आमची ही परडी घेऊन खाली जाते. "किती भाग्यवान आहोत आपण," असं दर वर्षी म्हणते. ते भाग्य वर्षानुवर्षं जाळीत साठत गेलं, भोक बुजलं आणि पाणी वाट बदलून मेंदूत शिरलं.

"दुसरा बसवावा लागेल," मिस्त्री म्हणाले. आणि इथून माझी वणवण सुरू झाली.

अधिकृत दुकानातल्या मुलाने नंबर टाकला, पडद्याकडे बघून मान हलवली. हा भाग येणं बंद झालंय. मग त्याने आवाज एकदम गोड करून नव्या गाडीवर एक्स्चेंज बोनस किती मिळेल ते सांगितलं. वडील अतिदक्षता विभागात असताना कुणी वाड्याची किंमत विचारावी, तसं वाटलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी भंगाराचा भाव सांगितला, किलोने. ऑफिसातला एक जण म्हणाला की ईसीएम काढून टाका आणि जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर बसवा. हा माणूस लिहिण्याच्या बाबतीतही अजून शाई आणि निबाची बाजू घेतो, त्यामुळे मी दुर्लक्ष केलं. सकाळी वेताळ टेकडीवर फिरताना एआरएआयच्या बाजूने जातो. गाड्यांची तपासणी करणारी ही संस्था १९६६ पासून आपल्या शहरात आहे, पलीकडे पिंपरी-चिंचवडला रोज नव्या गाड्या बाहेर पडतात, आणि मला एका जुन्या गाडीपुरता मेंदू मिळेना.

मिस्त्री म्हणाले, नाना पेठ. पण जाण्याआधी नंबर नीट लिहून घ्या. एक अक्षर चुकलं तरी माल वेगळा. नंबर घ्यायचं काम मी आनंदाने पत्करलं. आयुष्यात पहिल्यांदा गॅरेजमध्ये माझ्या कौशल्याचं काही निघालं होतं. पेटीवरचं लेबल ओल आणि हिरव्या गंजाने खाल्लं होतं. चष्मा कपाळावर सारून, लेबल डोळ्यांपासून चार बोटांवर धरून मी एकेक आकडा उतरवला. शेवटच्या जागी अर्धवट पुसलेलं काहीतरी होतं, इंग्रजी बी किंवा आठ.

"आठ वाटतोय साहेब," मिस्त्री माझ्या खांद्यावरून म्हणाले.

"बी आहे," मी म्हटलं. "बत्तीस वर्षं हेच करतोय."

मिस्त्री गप्प बसले. ज्याचं त्याचं काम ज्याला त्याला माहीत, असं मानणारा भला माणूस.

नाना पेठेतल्या दुकानात शिरलो की आधी रबराचा, मग ग्रीसचा वास येतो. गल्ल्यावरच्या शेठनी नंबर वाचला आणि उलटतपासणी सुरू केली. गाडी मार्च पाचच्या आधीची की नंतरची? एसी आहे? पॉवर स्टिअरिंग? चावीत चिप आहे का? माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी याहून कमी प्रश्न विचारले होते. मार्च पाचचं काय, असं विचारल्यावर शेठनी समजावलं: १ एप्रिल २००५ पासून पुण्यात भारत स्टेज ३ लागू झालं, तेव्हा धुराचे नियम बदलले आणि कंपन्यांनी मेंदूही बदलले. बाहेरून गाडी तीच, बॉनेट तेच, सॉकेटही तेच. आत मात्र दुसराच माणूस बसलेला. म्हणजे मी डिसेंबरची सवलत गाठायला घाई केली नसती तर चार महिन्यांनी वेगळ्याच जातीची गाडी घेतली असती. शेठ म्हणाले, कुर्ल्याहून मागवतो, अॅक्सिडेंटच्या गाडीतला काढलेला, चालू पीस, ४५०० रुपये, परवा या.

परवा गेलो. पीस सुंदर होता. लेबल कोरं करकरीत, शेवटी ठसठशीत बी. मला भरूनच आलं. रस्त्यात रिक्षातही मी तो मांडीवर धरून बसलो होतो.

मिस्त्रींनी कपलर लावले. खट् खट्, अगदी बेतून केल्यासारखे बसले. चावी फिरवली. पिवळा दिवा लागला! मी टाळी वाजवली. मग सेल्फ मारला. इंजिन फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. आणि मीटरमध्ये कोपऱ्यात चावीचं एक छोटं लाल चित्र लुकलुकायला लागलं.

"गाडी तुम्हाला चोर समजतीये," मिस्त्री म्हणाले.

झालं असं होतं, की चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला बॅटरी वगैरे काही नाही; चावीच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून तिला जाग येते आणि ती आपली खूण सांगते. खूण ओळखीची असली तरच मेंदू पेट्रोल सोडतो. कुर्ल्याच्या मेंदूला कुर्ल्याकडच्या कुणाची तरी चावी आठवत होती. वीस वर्षं मी या गाडीचे हप्ते, विमा, टायर भरले, आणि तो कालचा पाहुणा मला विचारत होता, कोण आपण? ही म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. अनोळखी माणसाला दार उघडू नये." ती गाडीच्या बाजूने बोलत होती.

यावर उपाय असतो म्हणे. जुन्या बोर्डावर आठ पायांची एक छोटी मेमरी आयसी असते, आठवणी तिच्यात. ती उचलून नव्या बोर्डावर लावायची, की नवा मेंदू जुनी चावी ओळखतो. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या जवळ एक मुलगा हे काम करतो असं कळलं. दोन्ही पेट्या पिशवीत घालून गेलो.

जिना चढून वर गेलो तर खोली जेमतेम पलंगाएवढी. मुलगा पंचविशीच्या आतला, कानात इअरफोन. त्याने आमचा मेंदू उघडला मात्र, सुक्या बोंबलासारखा वास सुटला. "कॅपॅसिटर फुटलेत काका, त्याच्या आतल्या पाण्याचा वास आहे हा." तीन गोल टोप्या, त्यांची बुडं ओली, आणि खाली बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडलेल्या. एक रेघ तर मधूनच नाहीशी. अगदी माझ्या डोळ्यांसमोर त्याने कुर्ल्याचाही उघडला, दोन्ही शेजारी ठेवले, आणि इअरफोन काढला.

"काका, हे दोन वेगळे आहेत."

"शक्यच नाही. नंबर एकच आहे."

त्याने काही वाद घातला नाही. कापसाला स्पिरिट लावून आमच्या पेटीवरचं लेबल हलक्या हाताने पुसलं, दिव्याच्या भिंगाखाली सरकवलं आणि मला बोलावलं. "डावीकडून बघा. बीची पाठ सरळ असते. ही गोल आहे."

मी बघितलं. गोल होती. आठ होता. मिस्त्रींना उभ्या उभ्या, माझ्या खांद्यावरून, गॅरेजच्या पिवळ्या बल्बखाली दिसलेला आठ. बीची पाठ सरळ असते! हे वाक्य मी नव्या पोरांना शिकवायला हवं होतं, आणि एक नवं पोर मला शिकवत होतं. काही बोलायचं म्हणून मी म्हटलं, "लेबल फार खराब झालंय." तो म्हणाला, "हो ना काका, कुणाचीही चूक होईल." हे जास्त लागलं.

"मग आता दुसरा शोधू?" मी विचारलं.

"कशाला? हाच होईल की. आयसी चांगली आहे, प्रोसेसरला पाणी लागलेलं नाही. तीन कॅपॅसिटर बदलायचे, एक ट्रॅक जोडायचा." बोर्ड दुरुस्त केलेला टिकत नाही, असं मला चारचौघांनी सांगितलं होतं, आणि मुख्य म्हणजे मीही मान डोलावली होती. छपाईतही आम्ही असंच म्हणतो: इतक्या चुका असतील तर पान नव्याने जुळवा. मी तसं त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि तोपर्यंत त्याची सोल्डरिंगची पेन तापली होती.

नव्या टोप्या खालच्या दुकानातून आणल्या; एकेक कटिंग चहापेक्षा स्वस्त. तुटलेल्या रेघेवर त्याने केसासारखी बारीक तार ठेवली, दोन्ही टोकांना टिपका दिला. प्रूफात राहून गेलेला शब्द आपण समासातून रेघ ओढून आत घेतो, हुबेहूब तसं. मग सगळ्यावर पारदर्शक लेप लावला, टेबलावरच्या सप्लायची बारा व्होल्टची टोकं जोडली आणि मल्टिमीटर माझ्याकडे वळवून दाखवला. सेन्सरना जाणारे पाच व्होल्ट बरोबर येत होते. मला त्यातलं काही कळत नाही, पण पाचचा आकडा स्पष्ट होता आणि तो पाचच होता, हे मी खात्रीने सांगतो.

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. लाल चावी लुकलुकली नाही. मिस्त्रींनी ईसीएम जागेवर बसवला, जाळीतलं भोक साफ केलं आणि पुढच्या पावसाची तजवीज म्हणून आमच्या घरून आणलेलं एक किलोच्या श्रीखंडाच्या डब्याचं झाकण मेंदूवर छपरासारखं बांधून टाकलं. आम्रखंडाचं आहे.

कुर्ल्याचा मेंदू परत घ्यायला शेठ तयार नाहीत. इलेक्ट्रिकचा माल परत नसतो, आणि नंबर तर तुम्हीच लिहून दिला होता. चिठ्ठीही त्यांनी जपून ठेवली होती. माझंच अक्षर, फार सुबक बी. सध्या तो माझ्या टेबलावर प्रूफांचे गठ्ठे पंख्याने उडू नयेत म्हणून ठेवलाय. वजनाला उत्तम आहे.

तापकीर गल्लीतल्या त्या मुलाने बिल हाताने लिहून दिलं होतं. २८०० रुपये. "कँपसीटर" तीन, "ट्रॅक दूरूस्ती" एक, आणि गाडीच्या नंबराखाली "इंजीन चालु". एका बिलात चार चुका. लाल पेन खिशातच होतं. बिलाची घडी केली आणि तेही खिशात ठेवलं.