उत्तर: 'तीन तासांचं काम, मुद्दाम दिवस घातला'

नमस्कार साहेब. तुमच्या ऑम्नीचं काम घरी येऊन करणारा मेकॅनिक मीच. तुमचा अभिप्राय काल रात्री मुलानं वाचून दाखवला. साडेनऊला येतो म्हणालो आणि साडेअकराला पोचलो, मधे साधा फोनही केला नाही. ही माझी चूक आहे. दुसऱ्या दिवशी उचगावला तुमची जेवणाची ऑर्डर होती, भांडी भरायची होती, तुमच्या जिवाला घोर लागला असणार. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण तुम्ही लिहिलंय, "तीन तास म्हणाले आणि रात्री आठ वाजवले. मुद्दाम वेळ काढला. एकच बोल्ट दोनदा आवळत बसले. एवढं करून पुढून खडखड येतेच." यातलं "मुद्दाम" फार लागलं. मजुरी फोनवर १,८०० ठरली होती, तेवढीच घेतली. तासावर पैसे घेत नाही मी. मग वेळ काढून मला काय मिळणार होतं? त्या दिवशी मच्छे गावातलं एक काम ठरलेलं होतं, ते तुमच्यापायी गेलं.

तीन तास का सांगितले तेही ऐका. फोनवर तुम्ही म्हणालात, "मागच्या पाट्यांचे बुश आणि पुढच्या दोन लोअर आर्म बदलायच्या, सामान आणून ठेवलंय." पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या लोखंडी कमानी, बुश म्हणजे त्यांच्या टोकात बसणारी रबर-लोखंडाची नळी, आणि लोअर आर्म म्हणजे पुढच्या चाकाला खालून धरणारा दांडा. नट निघत असतील तर ते काम तीन-चार तासांचंच आहे. आधीचे दोन रविवार तुम्ही स्वतः प्रयत्न करून बघितला होता, हे मात्र बोलला नाहीत. घरी काम करण्यात वाईट काही नाही, पण ते आधी कळायला हवं होतं. मी खाली झोपून बघतो तर डाव्या पाट्याच्या पुढच्या बोल्टाचा नट पाना घसरून गोल झालेला, आणि बोल्टाचं तोंड घणानं ठोकून ठोकून फुललेलं. ऑम्नी गाडी मारुती कंपनीनं २०१९ साली बंद केली, तुमची गाडी त्याच्याही आधीची. इतक्या पावसाळ्यांत तो बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झाला होता. नट काढला तरी बोल्ट जागचा हलेना.

गॅरेजमध्ये असता तर तापवून काढला असता. तुमच्या दारात, वर गॅस किटची टाकी आणि शेजारून पेट्रोलची नळी असताना मी आग लावायची होती का? ग्राइंडरच्या ठिणग्याही नकोत म्हणून हेक्सॉ ब्लेडनं पाटा आणि ब्रॅकेटच्या फटीतून बोल्ट कापला, दोन्ही बाजूंनी. पाच ब्लेडं मोडली. त्यांचे पैसे बिलात लावलेले नाहीत. पावणेदोन तास त्यातच गेले, आणि त्यातले बरेचसे तुम्ही ओट्यावर उभं राहून बघितलेत.

त्याआधीचा पाऊण तास गाडी उचलण्यात गेला. ऑगस्टचा पाऊस, अंगणात ओला मुरूम, जॅक लावला की खाली रुततो. तुम्ही गाडीखाली चिरे रचून ठेवले होते. रागावू नका, पण परत कधी असं करू नका. चिरा वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही, आणि खाली माणूस असतो. मी जाड फळ्या टाकल्या, त्यावर स्टँड ठेवले, गाडी हलवून बघितली, मगच खाली गेलो. घरी बायको-पोरं आहेत माझ्या.

पाट्यातला जुना बुश हातानं निघत नाही, त्याला प्रेस, म्हणजे दाबून काढायचं मशीन लागतं. म्हणून दोन्ही पाटे घेऊन तुमच्या हिंडलग्याहून उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात गेलो. तिथं जेवायची सुट्टी होती, थांबावं लागलं. "मेकॅनिक दोन तास गायब" असं जे लिहिलंत ते हेच. प्रेसवाल्याची पावती तुमच्या बिलाला जोडलेली आहे, त्यावर वेळही आहे.

आता दोनदा आवळायचं. पाट्याचा किंवा आर्मचा बोल्ट गाडी वर असताना पूर्ण आवळायचा नसतोच. तेव्हा नुसता हाताला लागेपर्यंत घ्यायचा. चाकं जमिनीवर टेकवायची, गाडी चार वेळा दाबून सोडायची, वजन पाट्यावर बसलं की मग शेवटचा आवळायचा. अधांतरी आवळला तर गाडी खाली येताच आतलं रबर पिळतं, कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मला घाईच करायची असती तर वरच आवळून सहालाच निघालो असतो, तुम्हाला कळलंही नसतं. माझ्या वडिलांनी हे शिकवलंय आणि ते मी सोडणार नाही. ज्या गोष्टीचा मला अभिमान आहे तीच तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत, याचं वाईट वाटलं.

खडखडीचं म्हणाल तर आर्म नवीन आहेत. शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारा दांडा, वर जिथं बसतो तिथलं रबर गेलंय हे निघताना सांगितलं होतं, तुम्ही "पुढच्या महिन्यात बघू" म्हणालात. तरी आवाज नक्की तिथलाच आहे का ते येऊन बघतो, त्याचे पैसे घेणार नाही. आर्म बदलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावून घ्यायलाच हवी, केली नसेल तर आधी ती करा, नाहीतर टायर एका बाजूनं खाईल.

इथून पुढं गाडी बघितल्याशिवाय तास सांगणार नाही. हाताखाली एक पोरगा घ्यायचंही बघतोय. वाचणाऱ्या बाकीच्यांनाही विनंती, घरपोच कामावरच माझं घर चालतं, एका अभिप्रायावरून ठरवू नका.

साहेब, रविवारी सकाळी नऊला येतो, उशीर होणार असेल तर आधी फोन करतो. कापलेल्या बोल्टाचे तुकडे माझ्याकडं डब्यात आहेत, तेही घेऊन येतो. गाडी तेवढी अंगणात न लावता बाहेर काँक्रीटवर लावून ठेवा.