यादवांच्या घरात ठेचा कुठून आला?

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, गुलमंडीच्या कट्ट्यावर वाद पेटला तो एका परिच्छेदावरून. मुलांसाठी छापायच्या कालप्रवासाच्या गोष्टीचं हस्तलिखित नानांच्या मांडीवर होतं. बहीण सहावीत, भाऊ चौथीत. दोघं कालयंत्रातून 1296 च्या देवगिरीत, म्हणजे आताच्या दौलताबादला, यादवांच्या राजधानीत पोचतात. गडाखालच्या घरातली आजी त्यांना ज्वारीची भाकरी अन् मिरचीचा ठेचा वाढते, आणि ओसरीतून समोर चांद मिनार दिसतो.

"ज्वारी राहू द्या. ठेचा आणि मिनार दोन्ही काढा," भाई म्हणाले. भाई पर्यटकांना किल्ला दाखवतात. "मिनार बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला. मिरची तर पोर्तुगीजांच्या जहाजातून आली, आणि वास्को द गामाच 1498 ला कालिकतला उतरला."

"काय सांगायलेत भाई! पोरं काय तारखा तपासत बसणारेत का?" नाना प्रेसवाले. त्यांचं सगळं गणित फॉर्मात, म्हणजे एकत्र छापायच्या सोळा-सोळा पानांत चालतं.

ताई चित्रं काढणार होत्या, त्यामुळे प्रश्न त्यांच्या अंगावर येणार होता. त्या म्हणाल्या, "चूक काढून टाकू नका, तिचाच प्रसंग करा. पोरगं शेंगदाण्याची चटणी मागतं आणि घरात कुणाला कळतच नाही हे काय मागायलंय. बटाटा नाही, टमाटा नाही, पेरू नाही, मिरची नाही. आजी मिरे, पिंपळी, आलं घालून कालवण करते. पोराच्या नाकाडोळ्यांतून पाणी येतं, तरी ते म्हणतं, तिखट नाही. एवढं वाचलेलं पोरगं ही गोष्ट जन्मात विसरणार नाही."

सर इतिहास शिकवतात. त्यांना मुळात गोष्टीत इतिहास कमी वाटत होता. यंत्राला बोलता पडदा असावा आणि त्याने भिल्लम, जैतुगी, सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र अशी यादवांची वंशावळ अर्ध्या पानात सांगावी, असा त्यांचा आग्रह.

"अम्मण कामून गाळला?" भाईंनी विचारलं.

महादेवाचा मुलगा अम्मण गादीवर बसला आणि 1271 च्या सुमारास त्याच्या चुलतभावाने, म्हणजे रामचंद्राने, त्याला हटवलं. रामचंद्र नाटकमंडळीच्या वेषात गडात शिरला अशी हकीकत सांगतात. तोंडाला रंग फासलेले लोक, दारावर पहारा, आत चाललेला खेळ. वंशावळीत यातलं काही मावत नाही. तिचं पान पोरं उलटून पुढं जातात, हे सरांनाही ठाऊक होतं. त्यांनी पडदा सोडला. मात्र नाटकाचा प्रसंग आजीच्या तोंडी जाईल अशी अट घातली, कारण 1296 मध्ये ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आणि आजी तेव्हा चांगली कळती बाई असणार. मला ही अट त्यांच्या पडद्यापेक्षा लाखपट बरी वाटली.

यंत्रावरून थोडं भांडण झालं, पण ते लवकर मिटलं. पोरांना हवं तेव्हा परत येता येत असेल तर भीती कशाची? म्हणून पहिल्याच प्रकरणात तीन गोष्टी बांधून टाकायच्या: दार एकच, परतायची वेळ ठरलेली, अंगावर आहे तेवढंच सोबत. आणि दार दोन्ही काळांत उभं असलं पाहिजे. भाईंनी वेरूळचं कैलास सुचवलं. राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक. म्हणजे 1296 मध्येही ते पाचशे वर्षांचं जुनं. तिथून देवगिरी चालत चार तास तरी, त्यात घाट. हस्तलिखितात पोरं धावत "खुलताबादवरून दौलताबादला" जातात. यातलं एकही नाव तेव्हा नव्हतं. दौलताबाद हे नाव तुघलकाने 1327 ला राजधानी आणली तेव्हाचं, खुलताबाद औरंगजेबानंतरचं, आणि आपलं शहर म्हणजे मलिक अंबरने 1610 ला वसवलेली खडकी. ताईंनी नकाशावर तेवढंच लिहायचं ठरवलं: देवगिरी, आणि पैठणसाठी प्रतिष्ठान.

भाषेचं काय, हा प्रश्न मात्र चांगलाच लांबला. यंत्रात दुभाषी चकती घातली की सगळं सोपं होतं आणि सगळी मजाही जाते. सरांचं म्हणणं पटण्याजोगं होतं. ज्ञानेश्वरी 1290 ची, लीळाचरित्रही त्याच काळातलं, तेव्हा त्या वेळचं मराठी कानावर कसं पडत असेल याचा अंदाज आपल्याला आहे. पहिल्या भेटीत आजी "कैसें", "म्हणौनि", "जैसें" अशी बोलते, पोरं निम्मं समजतात, निम्मं चुकतात. पाच-सहा शब्दच घ्यायचे आणि तेच पुन्हा पुन्हा आणायचे. दुसऱ्या प्रकरणापासून साधं मराठी. सगळं पुस्तक जुन्या भाषेत लिहिलं तर पोरं चौथ्या पानावर ठेवून देतील. देवळावरचा शिलालेख नागरीत असतो, तेव्हा भाऊ अक्षर अक्षर लावतो, पण अर्थ लागत नाही. बाजारात तो दहाचं नाणं पुढं करतो. वाणी ते हातावर तोलतो, दगडावर घासतो, परत देतो. पद्मटंकासारखं सोन्याचं नाणं वजनावर आणि कसावर चालायचं. याच्यावरचा आकडा वाण्याला वाचताही येत नाही.

मग ताईंनी विचारलं, "त्यांना पाणी कोण देणार?"

कट्टा गप्प झाला. अनोळखी दोन पोरं कुणाच्याही दारात गेली तर पहिला प्रश्न "कुणाची रे तुम्ही?" हाच. जात कळल्याशिवाय त्यांना कुठं बसवायचं तेही ठरणार नाही. नानांना हे पुस्तकात नको होतं. शाळा घेणार नाहीत, म्हणाले.

"मंग पुस्तकच नका काढू," सर तडकले. "चोखामेळा त्याच काळातला. देवळाबाहेर उभा राहिलेला माणूस. तो गाळून यादवांचा काळ दाखवायलेत, मग पोरं काय शिकली? राजाचा मुकुट?"

बरीच ओढाताण झाली तेव्हा ताईंनी तोडगा काढला. भाषण एकही नाही, प्रसंग एकच. विहिरीवर बहिणीला उत्तर देता येत नाही. बाई घागर उंच धरते आणि लांबून तिच्या ओंजळीत धार सोडते. निम्मं पाणी कोपरांवरून सांडतं. तिला वाटतं इथं असंच पीत असतील. तेवढ्यात मागून आलेल्या पोराला तीच बाई तांब्या हातात देते. चित्र फक्त ओंजळीचं. नाना हो म्हणाले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत.

शेवटाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत झालं. अल्लाउद्दीन खलजी येणार हे पोरांना ठाऊक आहे. राजपुत्र शंकरदेव मोठी फौज घेऊन बाहेर आहे. मागून दिल्लीची आणखी फौज येतेय अशी आवई उठली आहे. गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ होतं, ही कथाही आपल्याकडे घरोघरी सांगतात. हस्तलिखितात यंत्र दिवा लावतं: "इतिहास बदलण्यास मनाई." हा निव्वळ आळस आहे. पोरांनी पोत्याला भोक पाडावं, मीठ चाखावं, पहारेकऱ्याकडे पळत जावं. त्याला त्यांचं निम्मं बोलणं कळत नाही, पोती वर चढवायची घाई आहे, आणि अनोळखी पोरांचं ऐकून सरदाराकडे जायची त्याची छाती नाही. इतिहास अडतो तो असा. पुस्तकाच्या शेवटी "खरं काय, रचलेलं काय" हे एक पान हवंच. तिथं मिठाची पोती आणि नाटकमंडळी सांगोवांगीच्या रकान्यात टाकायची, पोरं आणि आजी रचलेल्या.

नानांनी हिशोब मांडला: सोळा पानांचे तीन फॉर्म, अठ्ठेचाळीस पानं, चित्रं धरून आठ-नऊ हजार शब्द. मग स्वतःच दुसरी गोष्ट काढली: पोरं औरंगाबादला 15 ऑगस्ट 1947 ला उतरतात, झेंडा फडकतो, जिलबी.

"जिलबी?" सर म्हणाले. "नाना, आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. आपल्याकडे 17 सप्टेंबर 1948. तेरा महिने उशिरा!"

ते पुस्तक सरांना जास्त हवंसं वाटायला लागलं. पोरगं नगरकडून येतं, खिशात कलदार, म्हणजे इंग्रजी राज्यातला रुपया, वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. इकडे निजामाचा हाली शिक्का चालतो, सहा कलदारला सात हाली. शाळेच्या पाटीवर उर्दू. नाक्यावरचा शिपाई दप्तर उलटं करतो, आत घडी घातलेला तिरंगा. भाई म्हणाले, त्या काळातली म्हातारी माणसं अजून आहेत, आधी त्यांना विचारा आणि मग लिहा.

नाना याला दोन फॉर्म द्यायला तयार होते. सर चारवर अडून बसले.