मिटिऑर फसलं होतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्रिटनचं पहिलं लढाऊ जेट ग्लॉस्टर मिटिऑर, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलीच झोड उठवलीत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: जर्मनांच्या मेसरश्मिट २६२ या लढाऊ जेटपुढे हे विमान म्हणजे बैलगाडी, कोरियाच्या युद्धात रशियन बनावटीच्या मिग-१५ जेटने त्याची दाणादाण उडवली, स्वतःच्याच वैमानिकांचा त्याने जीव घेतला, आणि तरी मी त्याच्या वारशाचे गोडवे गातो म्हणजे इंग्रजांची भाटगिरी करतो.

वेगाचं मान्य. जुलै १९४४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ६१६ स्क्वाड्रनकडे आलेलं पहिलं मिटिऑर ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास पळायचं, तर २६२ पावणेनऊशेच्या घरात. पण लढाईत या दोघांची गाठ कधी पडलीच नाही. शिवाय नुसता वेग मोजून कसं चालेल? २६२ चं जुमो इंजिन दहा ते पंचवीस तासांत बाद व्हायचं. मिटिऑरचं वेलंड १८० तासांनी दुरुस्तीला उतरवत. जर्मनांकडे चांगल्या धातूंची टंचाई होती, हे खरंच. तरी रोज सकाळी उडेल अशी खात्री असलेलं जेट इंग्रजांकडेच होतं. त्यांनी ते जर्मनांच्या व्ही-१ या वैमानिकाविना उडणाऱ्या बॉम्बमागे सोडलं. ४ ऑगस्ट १९४४ ला डीन नावाच्या वैमानिकाच्या तोफा ऐनवेळी अडकल्या, तेव्हा त्याने आपल्या पंखाचं टोक व्ही-१ च्या पंखाखाली नेलं आणि तो बॉम्ब चक्क उलटवून पाडला.

कोरियाबद्दल तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. ऑस्ट्रेलियाच्या ७७ स्क्वाड्रनची मिटिऑरं मिगपुढे टिकली नाहीत आणि १९५१ संपता संपता त्यांना जमिनीवरच्या हल्ल्यांचं काम दिलं गेलं, इथपर्यंत बरोबर. पण त्या मिगच्या पोटात काय होतं? रोल्स-रॉइसच्या नीन इंजिनाची रशियन नक्कल! ब्रिटनच्या मजूर सरकारने हे इंजिन स्वतःच्या हाताने मॉस्कोला विकलं होतं. मिटिऑरच्या नंतरच्या आवृत्त्यांमधलं डर्वेंट ५ म्हणजे याच नीनचं छोटं रूप. म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच घराण्याची इंजिनं. फरक मिगच्या मागे झुकलेल्या पंखांचा होता. मिटिऑरचे पंख सरळ, १९४० सालच्या विचारातले.

अपघातांवर मात्र मी वाद घालणार नाही. उलट तुम्ही सौम्यच लिहिलंय. ब्रिटिश हवाई दलाने ८९० मिटिऑरं गमावली, त्यातली १४५ एकट्या १९५३ मध्ये, आणि साडेचारशेच्या आसपास वैमानिक गेले. इंजिनं दोन्ही पंखांवर लांब लांब बसवलेली. एक बंद पडलं की नाक त्या बाजूला ओढलं जाई, आणि वैमानिकाला पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, पूर्ण रेटून धरावं लागे. वेग जरा कमी झाला की पाय कितीही रेटा, विमान उलटंच व्हायचं. आणि याचा सराव म्हणून प्रशिक्षणात एक इंजिन मुद्दाम बंद करत! वर टी-७ या प्रशिक्षण विमानात इजेक्शन सीटच, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी सीटच, नव्हती. एअरब्रेक, म्हणजे हवेत वेग कमी करणाऱ्या झडपा, उघडे ठेवून चाकं खाली सोडली की ते कधीकधी झोल खाऊन थेट जमिनीत घुसे. हा दोष विमानाचा जेवढा, तेवढाच पोरांना त्यात बसवणाऱ्या साहेबांचा.

राग येतो तो यासाठी की इजेक्शन सीटची चाचणी याच विमानातून झाली होती. २४ जुलै १९४६ ला मार्टिन-बेकर कंपनीचा बर्नार्ड लिंच उडत्या मिटिऑरमधून सीटसकट बाहेर फेकला गेला आणि सुखरूप उतरला. त्या कंपनीच्या सीटांनी आजवर साडेसात हजारांहून जास्त जीव वाचवलेत. टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या जेट इंजिनावर जगातलं पहिलं विमान उडालं, तेही मिटिऑरच, सप्टेंबर १९४५ मध्ये. १९४९ मध्ये एका मिटिऑरने लँकेस्टर या मोठ्या विमानाच्या नळीतून हवेतच इंधन घेत बारा तास काढले. आपली सुखोई-३० आज याच पद्धतीने इंधन घेतात. मी वारसा म्हणालो तो हा. झुंजीतल्या विजयांचा दावा मी कुठेच केलेला नाही, लेख पुन्हा वाचून पाहा.

राहता राहिली भाटगिरी. आपल्या हवाई दलाने १९४८ मध्ये पहिलं जेट घेतलं ते व्हॅम्पायर, मिटिऑर नव्हे. तेव्हा देशाभिमानाने गहिवरायला मला इथे वावच नाही. पण मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ आपलं तेजस कोसळलं आणि वैमानिक वाचला, तो मार्टिन-बेकरच्याच सीटमुळे. २६२ चं कौतुक तुम्ही खुशाल करा, मलाही ते विमान देखणं वाटतं.