साहित्य : चार जणांसाठी

कुठलीही पाककृती उघडा, पहिली ओळ ठरलेली : साहित्य, चार जणांसाठी. चार! कुकर चार जणांचा, जेवणाचं टेबल चार खुर्च्यांचं, हॉटेलातली 'फॅमिली रूम' म्हणजे दोन मोठे नि दोन लहान, आणि जाहिरातीतलं सुखी कुटुंब म्हणजे आई, बाप, एक पोट्टा, एक पोट्टी. नागपुरात महालात, इतवारीत, सक्करदऱ्याकडे आजही अशी घरं आहेत जिथे सकाळच्या एका चहाला चौदा कप लागतात. या घरांचा हिशोब कोणाच्याच डोक्यात नाही. उलट भेटेल तो तोंड भरून म्हणतो, "एवढी माणसं! काय मजा येत असेल ना!"

मजा? या ना मग. पहाटे साडेपाचला या, पोहे भिजवायला.

"प्रमाण साडेतीनपट करा, सोपं आहे." हा सल्ला देणाऱ्याला आधी किलोभर पोहे धुवायला बसवलं पाहिजे. माणशी सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम धरले की चौदा जणांना एक किलो लागतात. चार जणांचे पोहे चाळणीत धुतले, पाच मिनिटं ठेवले की आपोआप फुलतात. किलोभर एकाच चाळणीत ओतले की वरचे कोरडे राहतात नि खालचे वरच्यांच्या ओझ्याने चेंदतात, मग कढईत पोहे नाही, खळ शिजते. म्हणून दोन चाळण्या, अर्धा-अर्धा किलो, आणि मधे एकदा हाताने अलगद वर-खाली. हळद-मीठ फोडणीत टाकून भागत नाही, एवढ्या ढिगात ते पोचतच नाही. अर्धी हळद भिजलेल्या पोह्यांना आधीच चोळून ठेवायची. झारा वरून फिरवायचा नाही, कडेने खाली घालून उचलायचा. आणि तर्री, म्हणजे पोह्यांवर ओतायचा चण्यांचा झणझणीत रस्सा, हवी असेल तर पाव किलोच्या वर चणे आदल्या रात्रीच भिजले पाहिजेत. रात्री विसरलात तर सकाळी चौदा तोंडं "तर्री नाही?" म्हणून विचारणार. चौदाच्या चौदा. एकाने विचारलं म्हणून दुसरा गप्प बसेल असं नाही.

रश्शाचंही तेच. कृतीत लिहिलेलं असतं, "कांदा गुलाबी होईपर्यंत पाच मिनिटं परतावा." दीड किलो कांदा एका कढईत टाका आणि पाच मिनिटं काय, पंचवीस मिनिटं परता, गुलाबी होणार नाही. थर जाड झाला की कांद्याचं पाणी उडायला वाटच मिळत नाही, कांदा स्वतःच्याच पाण्यात उकडतो. फिका, गिळगिळीत. मग त्यात मसाला घातला की तेल सुटत नाही, रस्सा कच्चट लागतो, आणि दोष मसाल्यावर. दोन कढया लावा नाहीतर दोन खेपा करा, तिसरा उपाय नाही.

पाण्याचा गुणाकार तर करूच नका. उघड्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, वाफ उडते ती गंजाच्या तोंडाएवढी. वरण साडेतीनपट झालं म्हणून गंजाचं तोंड काही साडेतीनपट होत नाही. चार जणांच्या हिशोबाने पाणी ओतलं की पंगतीत वरण नाही, वरणाचं पाणी वाढावं लागतं. मीठ तिपटीवर थांबवून चाखायचं, तिखट अडीचपट, फोडणीचं तेल दुपटीच्या जरा वर. हे कुठल्या कृतीत लिहिलेलं नसतं, कारण लिहिणाऱ्याच्या घरी चौघंच असतात.

कुकरचा आकार आणखी वेगळाच छळ. भात असो की डाळ, कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कारण भात फुगतो नि डाळ फेसाळते. माणशी ऐंशी ग्रॅम धरले तरी चौदा जणांना किलोच्या वर तांदूळ लागतो. तो पाच लिटरच्या कुकरात कोंबला की शिट्टीतून पेज उडते, ओटा बरबटतो, भोकात कण अडकतो, शिट्टी गुदमरते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जातो. मग दहा-बारा लिटरचा घ्या. घेतला. त्याची रबराची रिंग गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. "तीन लिटरची आहे, पाचची आहे, एवढी मोठी कोण नेतं?" आम्ही नेतो, भाऊ! घेताना दोन रिंगा एकदम घ्यायच्या आणि एक डब्यात जपून ठेवायची, हा धडा प्रत्येक मोठं घर एकदा उपाशी राहून शिकतं.

हे झालं बाजाराचं. खरा संताप येतो तो मोजमापाचा. जिथे डोकी मोजायला हवीत तिथे घर मोजतात, आणि जिथे घर मोजायला हवं तिथे बरोबर डोकी मोजतात.

विजेचं बिल घ्या. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्याच्यावर. जसं वर जाल तसा युनिटचा दर वाढतो. टप्पा कशाला? मीटरला. मीटरमागे किती जीव झोपतात हे कोणी विचारत नाही. मे महिन्याचा हिशोब करा. सत्तर वॅटचे आठ पंखे, दिवसाला पंधरा तास : महिन्याचे अडीचशे युनिट. दोनशे वॅटचे तीन कूलर, बारा तास : दोनशे सोळा. फ्रिज, पाण्याची मोटर, मिक्सर, वॉशिंग मशीन, दिवे मिळून शंभर-सव्वाशे. झाले पावणेसहाशेच्या वर, म्हणजे माणशी चाळीस-एक्केचाळीस युनिट. शेजारच्या चौघांच्या घरात दोनशे चाळीस युनिट, म्हणजे माणशी साठ. वीज जास्त कोण जाळतं? ते. वरच्या टप्प्याचा दर कोणाला? आम्हाला. एका छताखाली राहून जमीन वाचवा, भिंती वाचवा, एका फ्रिजवर चौदा जण भागवा, आणि बक्षीस काय, तर उधळ्याचा दर. पाण्याच्या बिलालाही असेच चढते टप्पे, तिथेही नळ मोजतात, तोंडं नाही.

गॅसची गोष्ट याच्याही वरची. नियम स्वयंपाकघर मोजतो : एक सामायिक चूल, एक जोडणी. चौदा किलो दोनशे ग्रॅमचा सिलिंडर चौघांच्या घरात चाळीस दिवस सहज जातो, इथे तेरा-चौदा दिवसांत फुर्र होतो. वर्षाला सव्वीस-अठ्ठावीस लागतात, आणि जोडणीवर मिळणाऱ्या सिलिंडरांना मर्यादा. मग काय करायचं? भावाभावांनी चुली वेगळ्या करायच्या. सगळा समाज एकत्र कुटुंबाच्या आरत्या ओवाळतो आणि सगळे कागद म्हणतात, वेगळे व्हा.

रेशनमध्ये डोकी मोजतात असं वाटत असेल तर तेही अर्धवटच. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य, हे ठीक. पण अंत्योदय, म्हणजे गरिबातल्या गरिबाचं कार्ड, त्यावर कार्डामागे सरसकट पस्तीस किलो. सात माणसांपर्यंत तोटा नाही. आठवं लेकरू जन्मलं की गरिबातला गरीब माणशी हिशोबाने मागे पडतो. चौदा जणांच्या घराला प्राधान्य कार्डावर सत्तर किलो आणि अंत्योदयवर पस्तीस. वा रे न्याय.

आता उलट बाजू पाहा. भांडेवालीचा पहिला प्रश्न, "माणसं किती?" तिचं बरोबरच आहे म्हणा. एका वेळेला चौदा ताटं, अठ्ठावीस वाट्या, चौदा पेले, वर गंज, कढया, परात. तिला दोष नाही. पण घरमालकही डोकी मोजतो, आणि लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहिणारे हळूच फोन करून विचारतात, "तुमच्याकडचे दोघं येतील ना?" तिथे मात्र घर नाही मोजत. सहकुटुंबचा अर्थ दोघं असा कोणत्या कोशात दिला आहे?

आणि उन्हाळा. नवतपा म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि विदर्भात शाळा उघडतात त्या जूनच्या अखेरीस, बाकी महाराष्ट्राच्या नंतर. म्हणजे सगळे पोट्टे सगळा दिवस घरात. मोठा कूलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. तीन कूलर, बारा तास : तीनशे लिटर फक्त कूलरला. माणशी १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड. चौदा जणांचे त्या हिशोबाने एकोणीसशे लिटर होतात. गच्चीवरची टाकी हजार लिटरची. आता सांगा, कोण अंघोळ करणार आणि कोण नाही? त्यात कूलरची टाकी रोज भरायची आठवण एकालाही राहत नाही. पाणी संपलं की पंप कोरडा फिरतो आणि जळतो, आणि गवताच्या ताट्या वाळून कूलर गरम वारा फेकायला लागला की मग सगळे एकमेकांकडे बघतात. दर आठवड्याला टाकी रिकामी करून पुसायची, नाहीतर डास होतात, हे तर सगळ्यांना पाठ आहे. पाठ आहे, एवढंच.

हिवाळ्यात हाच तमाशा गिझरसमोर. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर गार पाणी कडक करायला वीस-बावीस मिनिटं घेतो, आणि त्यात गार पाणी मिसळून दोन अंघोळी होतात. सकाळी साडेआठच्या आत दहा जणांना निघायचं असेल तर पहिला नंबर साडेसहाच्या आधी लागलाच पाहिजे. म्हणून जुन्या घरांनी बंब मोडीत काढला नाही. ज्यांनी काढला ते पस्तावतात.

गावाला जायचं म्हटलं तर रेल्वेच्या एका तिकिटावर सहा माणसं, तत्काळमध्ये चार. चौदा जणांची तीन तिकिटं, तीन वेगळे नंबर. म्हातारी एका डब्यात, तिच्या गोळ्या दुसऱ्या डब्यात आणि शिदोरी तिसऱ्यात. शिदोरी वाटून बांधावी, प्रत्येक तिकिटामागे एक पिशवी, हे अनुभवाने येतं. तरी लोणचं एकाच पिशवीत जातं.

पण या सगळ्यावर कडी पोळ्यांची. एक किलो कणकेच्या तीस पोळ्या धरा. मोठ्या दहांना चार-चार, लहान चौघांना दोन-दोन : एका जेवणाला अठ्ठेचाळीस. दोन वेळा आणि डबे मिळून दिवसाला शंभरच्या घरात, म्हणजे सव्वातीन किलो कणीक. महिन्याला क्विंटल, वर्षाला बारा क्विंटल गहू. तो मार्च-एप्रिलमध्ये नवा माल आला की घ्यायचा, कडक उन्हात वाळवायचा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरायचा. पाला ओला राहिला तर बुरशी फुकटात. दळण एका वेळी पंधरा किलोच्या वर आणायचं नाही आणि चक्कीवरून आलेलं गरम पीठ लगेच डब्यात बंद करायचं नाही. वाफ धरते, गुठळ्या होतात, आठवड्यात जाळी लागते. संध्याकाळची कणीक दुपारी मळून ठेवायची चतुराई मे महिन्यात करू नये, पाचपर्यंत ती आंबते आणि काळपट पोळ्या होतात. मळायची तीही एका वेळी किलोभर. तीन किलो एकदम मळायला गेलं की मधे कोरडा गोळा आणि मनगट कामातून गेलं. एका तव्यावर अठ्ठेचाळीस पोळ्यांना पाऊण तास, तोही लाटणारी वेगळी असेल तर. एकटीच असेल तर तास-सव्वा तास आगीसमोर. पंखा लावता येत नाही, गॅस विझतो.

एवढा हिशोब जुळवून, अठ्ठेचाळीस पोळ्या दुरडीत फडक्याखाली ठेवून, रात्री साडेनऊला पाट मांडले की फाटकातूनच आवाज येतो, "मी खाऊन आलो." त्याच्या मागून दुसरा, "मला भूक नाही, दोनच." तिसऱ्याने संध्याकाळी समोसे खाल्लेले असतात. क्षणात दहा पोळ्या उरतात. उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करावा तर तेच तिघं म्हणतात, "काहून बाप्पा, शिळ्या पोळ्या?" आणि ज्या दिवशी हुशारी करून दहा पोळ्या कमी लाटाव्या, त्या दिवशी सगळे घरी, सगळ्यांना कडकडून भूक, वर कोणीतरी मित्राला घेऊन आलेला.

तर राजेहो, बाहेर खाणार असाल तर संध्याकाळी सहाच्या आत सांगायचं. कणीक सहाला भिजते. सहानंतर कुठेही काहीही खाऊन आलात तरी पाटावर बसायचं आणि वाट्याच्या चार संपवायच्या.