शब्द क्र. 1 आणि शब्द क्र. 2

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर परवापासून एक कागद लागलाय : ‘वाचनालयाच्या बालविभागास पुस्तके देताना सभासदांनी ती आधी स्वतः वाचून पाहावीत.’ नाव नाही, पण खाली फ्लॅट नंबर आहे. माझा. म्हणजे लिफ्टची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला कळावं, की ही बाई न वाचताच पुस्तकं वाटत सुटते. वाचलं होतं हो मी. म्हणून तर दिलं होतं!

पुस्तक साधं. मुलांना शरीराची ओळख. पान 14 वर एक मुलगा, एक मुलगी, अंगावर कपडे नाहीत, आणि प्रत्येक अवयवाला बाण काढून त्याचं नाव. कोपराबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मीटिंगला मला बोलावलं. सेक्रेटरी म्हणाले, “ताई, हे असले शब्द…”

“कोणते?”

यावर तिघांना एकदम खोकला आला. पुन्हा इतिवृत्तात लिहायचं काय, हा पेच. शेवटी खजिनदारांनी तोड काढली : ‘शब्द क्र. 1’ आणि ‘शब्द क्र. 2’. पुढची सगळी चर्चा याच भाषेत झाली. “क्र. 1 एकवेळ चालेल, पण क्र. 2 मुलींसमोर नको.” “अहो, क्र. 2 मुलींचाच आहे!” मग शांतता, आणि चहा.

चहानंतर आप्पा बोलायला उठले. ऐंशी ओलांडलेले, लहानपणी पाठशाळेत शिकलेले, सोसायटीत शेवटचा शब्द त्यांचा. “आम्ही असली पुस्तकं वाचून मोठे झालो नाही. आठव्या वर्षी अमरकोश, अख्खा संस्कृत शब्दकोश, मुखोद्गत होता आमचा.”

“आप्पा, त्यातला माणसाविषयीच्या शब्दांचा मनुष्यवर्ग येतो?” मी अगदी नम्रपणे विचारलं.

“येतो का म्हणजे?” आप्पांनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि सुटले. संस्कृत सुरू झालं की आमच्या सेक्रेटरींचे हात आपोआप जोडले जातात, तसे जोडले गेले. कटी आली, नितंब आले, माना डोलत होत्या. आप्पा त्याच वेगात, त्याच खणखणीत आवाजात ‘भगं योनिर्द्वयोः शिश्नो मेढ्रो’पर्यंत पोचले आणि न थांबता पुढच्या ओळीत शिरले. तिथे मुष्क, अंडकोश, वृषण असे तिन्ही शब्द ओळीने बसलेत. सेक्रेटरींचे हात जोडलेलेच राहिले. खजिनदारांनी पेन खाली ठेवलं, क्र. 3, 4, 5 द्यायचे की कसं, हे बहुधा त्यांना कळेना.

आप्पांनी डोळे उघडले. आमच्या तोंडांकडे पाहिलं. “ते संस्कृत आहे,” म्हणाले आणि बसले.

झालं. संस्कृतात अवयव सोवळ्यात असतात. पान 14 वरचे दोन्ही शब्द तिथलेच आहेत म्हटलं, तर “विषयांतर नको.”

हे काही आपल्याकडेच चालतं असं नाही. 2007 साली अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांसाठीचं न्यूबेरी पदक मिळालेल्या कादंबरीत पहिल्याच पानावर साप कुत्र्याच्या अंडकोशाला चावतो. तेवढ्यावरून काही शाळांच्या ग्रंथपालांनी ते पुस्तक घ्यायलाच नकार दिला. आणि लेखिका स्वतः ग्रंथपाल! त्याच वर्षी आपल्या राज्य सरकारने शाळांमधलं लैंगिक शिक्षण बंद केलं. अवयवांवर बंदी आणता आली नाही, नाहीतर तीही आली असती.

आणि मुलांना शब्द येत नाहीत अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी संध्याकाळी पार्किंगमध्ये क्रिकेट बघावं. चेंडू नको तिथे लागला की सात वर्षांचं पोरगं जे बोलतं, त्याला इतिवृत्तात नंबर पुरणार नाहीत. शिव्या सगळ्या येतात. डॉक्टरला सांगायला मात्र तोंडात एकच : “तिथे.” वृषणाला पीळ पडला तर साधारण 6 तासांत ऑपरेशन व्हावं लागतं, नाहीतर ते निकामी व्हायची भीती. आणि मुलगा लाजेने “पोटात दुखतंय” म्हणतो, आजी ओवा चावायला देते, तास जातात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा होऊन इतकी वर्षं झाली. त्यात क्र. 1 आणि क्र. 2 या अवयवांची नावं स्पष्ट लिहिली आहेत. ज्याच्यासाठी कायदा, त्या मुलाने मात्र “तिथे” म्हणायचं आणि मोठ्यांनी ओळखायचं. हे मी मीटिंगमध्ये बोलले. तेव्हा कुणीतरी लिफ्टच्या मेन्टेनन्सचा विषय काढला.

शेवटी ठराव झाला : पुस्तकाची तपासणी तिघांच्या उपसमितीने करावी, तोवर ते बालविभागात ठेवू नये. उपसमितीचे सदस्य पुस्तक पाळीपाळीने घरी नेतात, प्रत्येकाला आठ दिवस. सध्या ते आप्पांकडे आहे. त्यांनी मुदतवाढ मागितली आहे.