बिऱ्हाड नंबर दोन ऑक्टोबर

मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायटीत तुम्ही कॉम्प्युटरवर काहीतरी करता अशी नुसती कुणकुण लागली की पुढचं विधिलिखित असतं. सेक्रेटरी लिफ्टमध्ये गाठतात. "अहो, तुम्ही सॉफ्टवेअरमधले ना? आमच्या मेन्टेनन्सचं तेवढं बघा की. छोटंसंच काम आहे." छोटंसं म्हणजे दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट उघडायचं आणि ४८ बिऱ्हाडांपैकी कोणी पैसे भरले आणि कोणी ग्रुपवर नुसताच अंगठा दाखवला, हे शोधून काढायचं.

प्रोग्राम म्हणाल तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या चाळीसेक ओळी. घरातल्यांची मालिका संपेपर्यंत लिहून होतो. छळ पुढेच आहे, कारण त्या चाळीस ओळींपुढे माणसांनी हाताने भरलेली माहिती वाढावी लागते.

पहिली गाठ सभासदांच्या यादीशी. ती एक्सेलमध्ये असते आणि आधीच्या खजिनदारांनी मन लावून रंगवलेली असते. थकबाकीदार लाल, भाडेकरू पिवळे, 'यांच्याशी जपून' हिरवे. ही यादी प्रोग्रामला वाचता यावी म्हणून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला नुसता मजकूर) म्हणून सेव्ह केली की सगळे रंग उडतात आणि थकबाकीदार धुतल्या तांदळासारखे बाहेर पडतात. तेव्हा आधी 'स्थिती' असा एक रकाना करून रंगांचे शब्द करून घ्या. हिरव्यांसाठी शब्द तुमचा तुम्ही निवडा.

दुसरी गंमत बिऱ्हाडांच्या नंबरांची. चाळ पाडून इमारत उभी राहिली तरी काही ठिकाणी नंबर जुन्याच वळणाचे राहतात: आधी मजला, मग तिरकी रेघ, मग खोली. दुसऱ्या मजल्यावरची दहावी खोली म्हणजे २/१०. एक्सेलच्या मते ही तारीख. भारतीय सेटिंग असेल तर शेंडगेकाका २ ऑक्टोबरला राहतात, अमेरिकन सेटिंग असेल तर १० फेब्रुवारीला. १/५ वाल्या काकू महाराष्ट्र दिनी. घाबरून तो रकाना 'टेक्स्ट' करायला जावं तर शेंडगेकाकांच्या जागी (यादी २०२५ साली टाइप केली असेल तर, कारण चालू वर्ष एक्सेल आपणहून जोडतं) ४५९३२ उगवतं, कारण एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजतं आणि २ ऑक्टोबर २०२५ हा त्या मोजणीतला ४५९३२वा दिवस. (त्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उजाडलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ नावाच्या जुन्या प्रोग्रामशी जुळावं म्हणून ती चूक जाणूनबुजून चालू ठेवली. सोसायटीच्या हिशेबात असं केलं असतं तर ऑडिटरने सोडलं नसतं.)

हा त्रास आपल्यालाच नाही. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली 'मार्च १', 'सेप्ट १' अशा जनुकांची नावं बदलून 'मार्चएफ १', 'सेप्टिन १' केली, कारण संशोधकांच्या तक्त्यांत एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. शास्त्रज्ञांनी हात टेकले. शेंडगेकाका टेकणार नाहीत. त्यांचा नंबर रेशनकार्डावर आहे.

उपाय सोपा आहे, पण क्रम महत्त्वाचा: रकाना आधी टेक्स्ट करा, मग त्यात टाइप करा. आयती सीएसव्ही आली तर तिच्यावर डबल क्लिक करू नका. 'डेटा' मेनूतून ती आत घ्या आणि त्या रकान्याचा प्रकार तिथेच टेक्स्ट सांगा. चेक नंबरासाठीही हेच करायचं, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात. खाते क्रमांक सोळा आकडी असेल तर आणखी जपा, कारण एक्सेल पंधरा आकडेच सांभाळतं आणि सोळाव्या जागी मुकाट्याने शून्य ठेवतं.

यादी मराठीत असेल (असावीच) तर थोडं निराळं. देवनागरी आकडे पायथनला बिनदिक्कत कळतात: '३५००' हे अक्षरांत दिलं तरी तो त्याची संख्या करतो. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा मात्र 'ही संख्याच नव्हे' म्हणून मोकळी होते. पण पायथनवर फार भाळू नका. मजकुरातले शब्द वेगळे काढायची त्याची नेहमीची खूण काना-वेलांटीला अक्षर मानत नाही, त्यामुळे 'पाटील' दिलं की प, ट आणि ल असे तीन सभासद परत मिळतात, तिघांकडेही थकबाकी. खूण वापरूच नका, मोकळ्या जागेवर तोडा. आणि कऱ्हाडकरांचा तो अर्धा ऱ संगणकात तीन तऱ्हांनी साठवता येतो. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे दिसतात, तुलना केली की तीन निराळी माणसं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची निरनिराळी रूपं एकसारखी करणं) करून घेतलं की दोन एक होतात. तिसऱ्यात एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, त्यासाठी सरळ बदलाची एक ओळ लिहायची. शेवटी फाइल पुन्हा एक्सेलमध्ये बघायची असेल तर 'यूटीएफ-८-सिग' या एन्कोडिंगने (अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीने) लिहा. नुसत्या यूटीएफ-८ने लिहिलेली सीएसव्ही डबल क्लिकने उघडली की सगळ्या सभासदांची नावं डोक्यावर रेघ असलेल्या फ्रेंच 'ए'ने सुरू होतात.

आता बँक. पीडीएफ स्टेटमेंटच्या वाटेला जाऊ नका. त्यातला तपशिलाचा रकाना दोन-तीन ओळींत मोडतो आणि खालच्या ओळीचं शेपूट वरच्या माणसाला चिकटतं. बँक एक्सेल किंवा सीएसव्ही देत असेल तर तेच घ्या. रकमेतले स्वल्पविराम आधी काढा, कारण '१,०३,५००.००' बघून पायथन अडून बसतो. आणि हिशेब रुपयांत न करता पूर्णांक पैशांत करा. संगणकाच्या दशांशांत ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाहीत, शेपटाला चार उरतात, आणि वार्षिक सभेत त्या चारावरून तासभर जाऊ शकतो.

खरी मेख नावांत आहे. यूपीआयने पैसे आले की स्टेटमेंटमध्ये बारा आकडी संदर्भ क्रमांक, पाठवणाऱ्याचा यूपीआय पत्ता आणि त्याच्या नावाचा मावेल तेवढा तुकडा दिसतो. पाठवणारा सभासदच असेल असं नाही. कुणाचे जावई भरतात, कुणाची सून माहेरच्या आडनावाच्या खात्यातून. आडनावं थोडी चुकली तरी जुळवणारं डिफलिब पायथनबरोबर फुकट येतं. ते दोन शब्दांचं साम्य शून्य ते एक या मापात सांगतं आणि आपण काही सांगितलं नाही तर ०.६ला होकार देतं. आता सावंत घ्या. रोमनमध्ये सोसायटीच्या यादीत डब्ल्यूने, बँकेत व्हीने. माणूस एकच, साम्य ०.८३. तिसऱ्या मजल्यावर सामंत राहतात, त्यांच्यात एम. त्यांचं सावंतांशी साम्य? तेही ०.८३. सामंतांनी भरायचं, सावंतांनी निवांत झोपायचं.

मग कोणीतरी सुचवतं, उच्चारावरून जुळवा. त्यासाठी साउंडेक्स नावाची पद्धत आहे. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर, एच, वाय आणि डब्ल्यू गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना ठरलेले आकडे द्यायचे. डब्ल्यूचे सावंत एस-५३०. व्हीचे सावंत एस-१५३. आणि शिंदे एस-५३०. म्हणजे या अमेरिकन कानाला सावंत आणि शिंदे एकच, सावंत आणि सावंत मात्र परके. हे त्या दोन घरांपैकी कुठेही बोलू नका.

माझं मत विचाराल तर हुशार जुळवणीच्या नादी लागूच नये. दोन रकान्यांचा साधा तक्ता करा: डावीकडे स्टेटमेंटमधला यूपीआय पत्ता, उजवीकडे बिऱ्हाड. पहिल्या महिन्यात तो डोळ्यांनी बघून हाताने भरा, पुढे नवीन पत्ता आला की भर घाला. ज्या ओळी बसत नाहीत त्या अंदाजाने कोणाच्या माथी मारू नका, हिशेबनीसांच्या रिवाजाप्रमाणे सस्पेन्स खात्यात, म्हणजे धनी न ठरलेल्या पैशांच्या खात्यात, राहू द्या.

किंवा पैशांची युक्ती करा. मेन्टेनन्स ३,५०० असेल तर सातव्या बिऱ्हाडाने ३,५००.०७ भरायचे, अठ्ठेचाळिसाव्याने ३,५००.४८. यूपीआयला पैसे चालतात, रकमेवरूनच बिऱ्हाड कळतं, नावाची भानगडच नाही. कागदावर ही युक्ती निर्दोष आहे. सोसायटीत तिला दोन शत्रू. एक, शकुनाचे म्हणून ३,५०१ पाठवणारे. दोन, 'मी अठ्ठेचाळीस पैसे का म्हणून जास्त द्यायचे?' असं सभेत विचारणारे. वर्षाला पाच रुपये शहात्तर पैसे होतात, पण प्रश्न तत्त्वाचा असतो. अशा वेळी पैसे मिळवायच्या ऐवजी वजा करा: सातव्याला ३,४९९.९३, अठ्ठेचाळिसाव्याला ३,४९९.५२. विरोध मावळतो. आता सगळ्यांना अठ्ठेचाळीस नंबर हवा असतो.

रक्कम टाइप करण्यात लोक चुकतात, म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाचा वेगळा क्यूआर काढा. यूपीआयच्या लिंकमध्ये सोसायटीचा यूपीआय पत्ता, नाव, रक्कम आणि शेरा आधीच भरून ठेवता येतात, आणि पायथनची क्यूआर लायब्ररी क्षणात ४८ चित्रं काढून देते. चित्राखाली बिऱ्हाडाचा नंबर ठसठशीत छापा, नाहीतर शेजारचा क्यूआर स्कॅन होतो आणि सामंत पुन्हा सावंतांचे भरतात.

आठवणीचे मेसेज व्हॉट्सॲपवर प्रोग्रामकडून परस्पर पाठवू नका. ते त्यांच्या नियमांत बसत नाही आणि नंबर बंद पडू शकतो. तोही सेक्रेटरींचा. मजकूर आयता भरलेली लिंक प्रोग्रामने बनवावी, 'पाठवा' आपण दाबावं. लिंकमध्ये मराठीचं एकेक चिन्ह नऊ रोमन चिन्हांचं होतं, म्हणून मजकूर आटोपशीर ठेवा. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' गाळा.

एवढं सगळं जमलं तरी यादीत दर महिन्याला पहिल्या मजल्यावरचे अण्णा थकबाकीदार निघतात. अण्णा आजवर एकही हप्ता चुकलेले नाहीत. ते रोख भरतात. त्यांना पैशांची युक्ती लागू करता येत नाही, कारण २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आणि ही तारीख अण्णांना तोंडपाठ आहे. तेव्हा प्रोग्रामच्या शेवटी त्यांच्यापुरती एक ओळ वाढवावी लागते: बिऱ्हाड १/४ असेल तर स्टेटमेंट सोड, पावतीपुस्तक बघ. पावतीपुस्तक अण्णांकडे असतं, आणि दुपारी एक ते चार ते झोपलेले असतात.