सेवेचा बुधवार

शिकागोत पॉल हॅरिसला करमलं असतं, तर माझे बुधवार वाचले असते. अमेरिकेतल्या एका लहान गावात वाढलेला हा वकील मोठ्या शहरात गेला आणि तिथे त्याला गावाकडच्यासारखी ओळखीपाळखीची माणसं मिळेनात. शेवटी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तो, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी आणि एक खाणींचा इंजिनिअर असे चौघे त्या इंजिनिअरच्या ऑफिसात गप्पा मारायला जमले. तिथून रोटरी ही समाजसेवी क्लबांची संघटना सुरू झाली, आणि तिचाच एक क्लब आमच्याकडेही आहे.

शहरात जरा गावपण आणावं हा त्याचा विचार. शहरापुरता उत्तमच. पण आमचं मुळात गाव! रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या काठावर. सकाळी दुधाच्या रांगेत, दहाला एसटी स्टँडवर, संध्याकाळी जेटीवर तीच ती तोंडं. इथे ओळख वाढवायला जागाच नाही. थोडी कमी करून मिळाली तर हवी आहे. आमच्या क्लबातले निम्मे सभासद एकमेकांचे चुलतभाऊ आहेत, उरलेले एकमेकांचे प्रतिवादी. काही जण दोन्ही आहेत.

माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उत्सवाची वर्गणीपत्रकं. क्लबाला बुलेटिन फुकट छापून हवं होतं, म्हणून मला समाजसेवेची आवड असल्याचं अध्यक्षांनी परस्पर जाहीर केलं.

सुरुवातीच्या काळात एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा, अशी पद्धत होती, म्हणजे आपसात स्पर्धा नको. आमच्याकडे हा नियम लावायला गेले तेव्हा पंचाईत झाली. कारण डॉक्टर झाले, वकील झाले, बँकेतून निवृत्त झालेले भाऊ झाले, हार्डवेअरवाले झाले, तरी प्रत्येकाची हापूसची कलमं आहेतच. खरा धंदा विचारला की सगळे आंबा बागायतदार. शेवटी आंबा सोडून जो काही जोडधंदा असेल तो लिहायचा असं ठरलं. डॉक्टरांनी ‘वैद्यकीय’ असं लिहिलं ते थोडं नाराजीनेच.

मग वार. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. या दिवशी मासे वर्ज्य, म्हणजे घरी वरणभात, म्हणजे सभेला यायला माणूस मोकळा. पण त्या दिवशी सभा ठेवली तर नंतरचं जेवणही शाकाहारी, आणि शाकाहारी जेवणासाठी मंडळी दोन तास भाषणं ऐकणार नाहीत. बुधवार ठेवावा तर घरी ताजे बांगडे आलेले असतात आणि घरची मंडळी गरम वाढत असतात. हा प्रश्न पाच सभा चालला. आता सभा बुधवारीच असते, साडेसातला. लोक घरी जेवून सव्वाआठला येतात आणि सभेनंतर पुन्हा जेवतात.

अध्यक्ष घंटा वाजवतात. गळ्यात तो पितळी बिल्ल्यांचा पट्टा, खाली हाफ शर्ट, आणि पंखा फिरला की बिल्ले वाजतात. राष्ट्रगीत होतं. मग वकीलसाहेब उठून चार प्रश्नांची कसोटी वाचतात. १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थाने भांड्यांची एक बुडीत निघालेली कंपनी सावरताना हे प्रश्न काढले: हे सत्य आहे का? संबंधित सर्वांना न्याय्य आहे का? यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का? सर्वांच्या हिताचं आहे का? वकीलसाहेबांचा बंगला बांधाच्या दाव्यांवर उभा आहे. त्यातले सात दावे समोरच्या खुर्च्यांत बसलेले असतात. पण आवाज असा खणखणीत, की आपणच काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं.

त्यानंतर आनंदाची पेटी फिरते. यात दहाची नोट टाकायची आणि आठवड्यातली एक आनंदाची गोष्ट चारचौघांत सांगायची. ही पेटी ज्याने काढली त्याने कोकणी माणूस पाहिलेला नाही. आमच्याकडे आनंद झालाच तर तो दार लावून, तोही बेताचा करतात. मोहोर कितीही भरघोस येवो, विचारलं की उत्तर एकच: “कसला मोहोर! तुडतुड्याने खाल्लाय.” दहा रुपये भरून स्वतःच्या तोंडाने बरं चाललंय म्हणायचं, आणि तेही खरेदीदाराच्या मेहुण्यासमोर? म्हणून आमच्या पेटीत आनंद असे येतात: “परवा पडलो, पण हाड मोडलं नाही.” “थोरल्या वहिनींचा मोतीबिंदू पिकला नव्हता, आता पिकला.” उशिरा येणं, मोबाइल वाजणं, बिल्ला न लावणं यांचा दंड मात्र भरपूर जमतो. क्लबाची आर्थिक स्थिती आनंदापेक्षा दंडावरच टिकून आहे.

हिच्या बाबतीत तर वेगळाच घोळ. सभासदाच्या पत्नीला या मंडळींत ‘अ‍ॅन’ म्हणायची रीत आहे. पहिल्या कौटुंबिक सभेला ध्वनिक्षेपकावरून “आता आपल्या अ‍ॅन ओवाळतील” अशी घोषणा झाली, तेव्हा आमची ही निरांजन हातात घेऊन ती बाई कुठे दिसते का ते पाहत राहिली.

सभेत सेवेचा विषय निघत नाही असं नाही. गेल्या दिवाळीनंतर वनराई बंधारा घालायचा ठराव आला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती भरायची, ओढ्यात रचायच्या, पाणी अडवायचं. दहा मिनिटांचा विषय. पण ओढा जातो सभासदांच्या आवाठांतून, म्हणजे घरालगतच्या बागांतून. अण्णा म्हणाले, बंधारा वरच्या वळणावर घाला. भाऊ म्हणाले, म्हणजे पाणी तुमच्या विहिरीला आणि आमच्या पोफळींना धुपाटणं? हार्डवेअरवाल्यांना खालचं वळण तांत्रिकदृष्ट्या योग्य वाटलं. तिथे त्यांची नारळाची बाग आहे हा योगायोग. कोणीतरी सातबारा काढला. सभेला येताना खिशात सातबारा घेऊन येणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या देशातल्या क्लबात असतील असं मानत नाही. वकीलसाहेब तेवढे शांतपणे टिपणं काढत होते. शेवटी बंधारा मधल्या वळणावर झाला, जिथे कोणाचीच जमीन नाही. गोण्यांपेक्षा फलक मोठा होता, तरी पाणी मार्चपर्यंत टिकलं. गाईगुरं प्यायली.

या संस्थेचं नवीन वर्ष १ जुलैला उजाडतं. शिकागोत त्या दिवशी ऊन असेल. आमच्याकडे छपरावर पाऊस असा बडवत असतो की पदग्रहणाची शपथ ओठांच्या हालचालीवरून समजून घ्यावी लागते. प्रमुख पाहुणे घाटावरून येतात, अणुस्कुऱ्याच्या वळणावळणांतून, दरडी चुकवत. दमलेभागलेले ते गृहस्थ उतरल्याउतरल्या हळूच विचारतात, “सुरमई आहे ना?” १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते, हे त्यांना कोण सांगणार? खाडीचा मासा मिळतो, पण साठ पानांना पुरेल इतका नाही. मग काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे. पाहुणे उसळीत चमचा ढवळत कोकणच्या निसर्गावर चाळीस मिनिटं बोलतात. आभारप्रदर्शन त्याहून मोठं होतं, कारण मांडववाल्यापासून पावसापर्यंत एक नाव राहिलं तर पुढचे सहा महिने तो माणूस जेटीवर मान फिरवून जातो.

पुढचा अध्यक्ष निवडायची सभा ही एकच सभा अशी, की तापाने फणफणलेला सभासदही मफलर गुंडाळून येतो. जो गैरहजर तो बिनविरोध, असा आमच्याकडचा अलिखित कायदा. या खेपेला सगळ्या खुर्च्या भरल्या. डॉक्टरांची तेवढी रिकामी. ते बाळंतपणाच्या केसला गेले होते. अनुमोदन मिळायला वेळ लागला नाही. अध्यक्षांनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर.

“अभिनंदन, डॉक्टर!”

“अहो, माझं कसलं? आईचं करा. मुलगी झाली, तीन किलो!”

“ते आहेच. पण अध्यक्षही तुम्हीच झालात.”

पलीकडे थोडा वेळ फक्त बाळाचं रडणं ऐकू आलं. मग डॉक्टर घाईघाईने म्हणाले, “ठेवतो हं, दुसरी केस आलीय.”

गावात त्या महिन्यात दुसरी कोणीही दिवस भरलेली नव्हती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.